जीवशास्त्राच्या उत्तरातली गाळलेली कडी: दहावीच्या विज्ञान भाग 2 साठी सविस्तर मार्गदर्शन

'सगळं पाठ होतं, सगळं लिहिलं, तरी गुण गेले.' विज्ञान भाग 2 च्या पेपरानंतर ही तक्रार हमखास ऐकू येते. उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. उत्तराची सुरुवात बरोबर असते, शेवटही बरोबर असतो, मधली कडी मात्र कागदावर उतरलेलीच नसते. मुलाच्या डोक्यात ती असते. 'एवढं तर कोणालाही कळेल' असं वाटून ती लिहायची राहते. तपासणाऱ्याला मात्र डोक्यातलं दिसत नाही, आणि गुण नेमके त्या कडीला असतात.

म्हणून हा लेख पाठांतर कसं करावं याबद्दल नाही. जे येतं ते कागदावर पूर्ण कसं आणायचं, एवढाच विषय आहे. उदाहरणं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या अभ्यासक्रमातली घेतली आहेत. नववीच्या मुलांनाही ती चालतील.

आधी पेपराचा हिशेब

भाग 2 चा पेपर 40 गुणांचा, वेळ 2 तास. पहिल्या प्रश्नात 5 बहुपर्यायी आणि 5 एका-एका गुणाचे छोटे प्रश्न. दुसऱ्यात शास्त्रीय कारणं (तीनपैकी दोन, 4 गुण) आणि दोन-दोन गुणांची उत्तरं (पाचपैकी तीन, 6 गुण). तिसऱ्या प्रश्नात आठपैकी पाच, प्रत्येकी 3 गुण, म्हणजे 15. चौथ्यात दोनपैकी एक, 5 गुण.

या आकड्यांतून एक गोष्ट लक्षात घ्या. 40 पैकी 30 गुण स्वतःच्या वाक्यांत लिहिण्याचे आहेत. आणि सर्वांत मोठा वाटा तीन गुणांच्या प्रश्नांचा आहे. सराव करताना मुलं बहुपर्यायी प्रश्नांवर तासन् तास घालवतात, कारण ते सोपं आणि चटकन होतं. तो वेळ तीन गुणांच्या उत्तरांना द्यायला हवा.

साधा नियम असा ठेवा: जितके गुण, तितके स्वतंत्र मुद्दे. तीन गुणांच्या प्रश्नाला तीन मुद्दे हवेत. एकच मुद्दा तीन वेगवेगळ्या वाक्यांत फिरवून लिहिला तर तो एकच मुद्दा राहतो. दोन गुणांना पान भरून लिहिणं हेही नुकसानच, कारण तिथे गेलेली मिनिटं पाच गुणांच्या प्रश्नातून वजा होतात.

पायरी 1: प्रश्न काय करायला सांगतोय ते पाहा

'नावे लिहा' म्हटलं की नावंच लिहायची, माहिती नाही. 'व्याख्या लिहा' म्हटलं की एक नेमकं वाक्य आणि जमल्यास एक उदाहरण. 'सोदाहरण स्पष्ट करा' मध्ये उदाहरणाला गुण असतो. ते नसेल तर बाकी उत्तर कितीही छान असो, पूर्ण गुण मिळत नाहीत. 'टीप लिहा' म्हणजे व्याख्या, वैशिष्ट्यं, उदाहरण किंवा उपयोग.

सगळ्यांत जास्त फसवणारा प्रकार 'शास्त्रीय कारणे लिहा'. इथे विधान आधीच दिलेलं असतं आणि ते खरं असतं. तुम्हाला 'का' सांगायचं असतं. कित्येक उत्तरांत तेच विधान वेगळ्या शब्दांत परत लिहिलेलं दिसतं: 'वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे कारण तो सस्तन वर्गात येतो.' हे विनोदासाठी बनवलेलं उदाहरण वाटेल, पण घाईत अशी वाक्यं खरंच लिहिली जातात.

प्रश्नपत्रिका हातात आली की प्रश्नातल्या या शब्दाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढा. दोन सेकंदांचं काम आहे.

पायरी 2: कडी जोडा

आता मुख्य भाग. एक नेहमीचा प्रश्न घेऊ: 'मुलगा किंवा मुलगी होण्यासाठी स्त्रीला जबाबदार धरणे चुकीचे आहे. शास्त्रीय कारण लिहा.'

बऱ्याच वह्यांत सापडणारं उत्तर असं असतं:

'पुरुषामध्ये एक्स-वाय गुणसूत्रे असतात आणि स्त्रीमध्ये एक्स-एक्स गुणसूत्रे असतात. म्हणून बाळाचे लिंग पुरुषावर अवलंबून असते.'

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण पहिल्यावरून दुसरं कसं निघालं? 'म्हणून' हा शब्द इथे एका दरीवरून उडी मारतोय. युग्मकांचा, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी यांचा, उल्लेखच नाही. स्त्रीच्या अंडपेशीत काय असतं, शुक्रपेशी किती प्रकारच्या असतात, फलनाच्या वेळी काय घडतं, या तीन गोष्टी गाळल्या आहेत. उत्तराचा सगळा जीव तिथेच होता.

आता हे वाचा:

'स्त्रीमध्ये एक्स-एक्स ही लिंग गुणसूत्रे असल्याने तिच्या सर्व अंडपेशींत एक्स गुणसूत्रच असते. पुरुषामध्ये एक्स-वाय गुणसूत्रे असल्याने निम्म्या शुक्रपेशींत एक्स, तर निम्म्या शुक्रपेशींत वाय गुणसूत्र असते. एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशीने अंडपेशीचे फलन केल्यास मुलगी होते, वाय गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशीने केल्यास मुलगा होतो. म्हणजे बाळाचे लिंग कोणत्या शुक्रपेशीने फलन होते त्यावर ठरते, म्हणून स्त्रीला जबाबदार धरणे चुकीचे आहे.'

चार वाक्यं. लांबी दुप्पट झाली, पण एकही वाक्य फुकट गेलेलं नाही. खाली दोन ओळींचा तक्ता काढला, वर पालकांची गुणसूत्रं, खाली युग्मकं आणि संतती, तर आणखी चांगलं.

वटवाघळाचं उत्तर पुन्हा पाहू. 'वटवाघूळ उडते, तरी त्याचा समावेश सस्तन वर्गात होतो.' मुलं लिहितात: 'कारण ते पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते.' एक गुण नक्की. दुसरा कुठे आहे? विधानातल्या 'तरी' या शब्दात. प्रश्न खरं तर विचारतोय की उडत असूनही ते पक्षी का नाही. तेव्हा पूर्ण उत्तरात दोन बाजू येतात. वटवाघळाच्या मादीला दूध स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, अंगावर केस असतात, ते पिल्लांना जन्म देते. ही सस्तन वर्गाची लक्षणं. पक्ष्यांसारखी पिसं आणि चोच त्याला नसते, ते अंडी घालत नाही, आणि त्याचे पंख म्हणजे लांब बोटांमधलं ताणलेलं त्वचेचं पटल. केवळ उडणं हा वर्गीकरणाचा निकष नाही. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण लिहितच नाहीत, आणि तीच इथली कडी.

कडी तपासायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक 'म्हणून' आणि 'त्यामुळे' पाशी थांबा आणि स्वतःला विचारा, 'म्हणजे कसं?' याला आणखी एखादं वाक्य सुचलं तर ते कागदावर नव्हतं. सुचलं नाही तर साखळी पूर्ण आहे, पुढे चला.

लांब साखळीचं उदाहरण म्हणून ऋतुचक्र घ्या. तीन गुणांसाठी 'अंडपेशी फलित झाली नाही तर रक्तस्राव का होतो?' असं विचारलं, तर 'अंडपेशी फलित न झाल्याने गर्भाशयाचे अंतःस्तर गळून पडते' एवढंच उत्तर अनेकदा येतं. मधे संप्रेरकांचा अख्खा खेळ राहून गेला. तो क्रमाने असा आहे:

पुटिका ग्रंथी संप्रेरकामुळे अंडाशयातल्या पुटिकेची वाढ होते. वाढणारी पुटिका इस्ट्रोजेन स्रवते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराची वाढ सुरू होते. पीतपिंडकारी संप्रेरकामुळे पुटिका फुटून अंडपेशी बाहेर पडते, हे अंडमोचन. उरलेल्या पुटिकेपासून पीतपिंड तयार होते आणि ते प्रोजेस्टेरॉन स्रवते; त्याच्या प्रभावाखाली अंतःस्तर गर्भाला रुजवून घ्यायला तयार होते. फलन झालं नाही तर पीतपिंड अकार्यक्षम होतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचं स्रवणं कमी होतं. ती संप्रेरकं कमी झाल्याने अंतःस्तराचा ऱ्हास होतो आणि ते अफलित अंडपेशीसह बाहेर टाकलं जातं.

वरच्या प्रश्नाला यातली शेवटची तीन-चार वाक्यं पुरतात, सगळी नकोत. पण कुठून सुरू करायचं हे ठरवायला संपूर्ण साखळी डोळ्यांसमोर असावी लागते. वहीत ती बाणांनी काढून ठेवा आणि प्रत्येक बाणावर संप्रेरकाचं नाव लिहा. बाण रिकामा राहिला की तिथे कडी तुटलेली आहे हे लगेच दिसतं.

पायरी 3: प्रक्रियेच्या उत्तरात चार प्रश्न

पेशीतल्या प्रक्रियांची उत्तरं लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारा: कुठे घडते? आत काय जातं? बाहेर काय येतं? ते पुढे कुठे जातं?

ऑक्सिश्वसनावर लावून बघा. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात होते. ग्लुकोजच्या एका रेणूचे विघटन होऊन पायरुविक आम्लाचे 2 रेणू तयार होतात, शिवाय एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), एनएडीएच-टू आणि पाणी मिळते. पायरुविक आम्लाचे ॲसेटिल-को-एन्झाइम-ए मध्ये रूपांतर होते. पुढचे क्रेब चक्र तंतुकणिकेत. तिथे ॲसेटिलचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि एनएडीएच-टू, एफएडीएच-टू तयार होतात. इलेक्ट्रॉन वहन साखळीही तंतुकणिकेतच, आणि सर्वाधिक एटीपी इथे मिळतात. ऑक्सिजन लागतो तो याच टप्प्यावर.

स्थान न लिहिणं ही इथली सर्वांत सामान्य चूक. 'ग्लायकोलायसिसमध्ये ग्लुकोजचे विघटन होते' हे बरोबर आहे, पण 'पेशीद्रव्यात' हा एक शब्द घातला की उत्तराचं वजन वाढतं. एटीपीच्या एकूण संख्येबद्दल आणखी एक गोष्ट. ग्लुकोजच्या एका रेणूपासून 38 एटीपी हा जुना, पुस्तकी हिशेब. नव्या मोजणीत हा आकडा 30 ते 32 च्या आसपास येतो. कोचिंगच्या नोट्समध्ये आणि इंटरनेटवर दोन्ही सापडतात आणि मुलं गोंधळतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा.

प्रथिन संश्लेषणाला हेच चार प्रश्न आणखी उपयोगी पडतात, कारण तिथे प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण यांची सरमिसळ होते. प्रतिलेखन केंद्रकात होतं, डीएनएवरच्या क्रमानुसार एम-आरएनए तयार होतो. तो पेशीद्रव्यात येतो. भाषांतरणात एम-आरएनएवरच्या तीन-तीन न्यूक्लिओटाइडच्या संकेतानुसार टी-आरएनए अमिनो आम्लं आणून देतो. ती पेप्टाइड बंधाने जोडली जातात. या वेळी रायबोझोम एम-आरएनएवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेका त्रिकूट संकेताच्या अंतराने सरकतो, ते स्थानांतरण. तिन्ही शब्दांसाठी 'कुठे' आणि 'काय हललं' एवढं नक्की असलं की घोटाळा होत नाही. प्रतिलेखनात माहितीची प्रत निघते, स्थानांतरणात रायबोझोम सरकतो.

पायरी 4: निसर्गाच्या तोंडी इच्छा घालू नका

उत्क्रांतीच्या धड्यात ही चूक इतकी रुजलेली आहे की शिक्षकांच्या तोंडीही ऐकू येते. 'पाणी वाचावे म्हणून निवडुंगाने पानांचे काटे केले.' 'उंचावरची पाने खाता यावीत म्हणून जिराफाने मान लांब केली.' 'जिवाणूंनी औषधाची सवय करून घेतली.'

तिन्ही वाक्यांत सजीवाने काहीतरी ठरवून केलंय. निवडुंगाला ठरवता येत नाही. नैसर्गिक निवडीनुसार लिहायचं तर क्रम असा येतो: एकाच जातीच्या जिवांमध्ये आधीपासून फरक असतात, त्या परिस्थितीत काही फरक फायद्याचे ठरतात, ते असलेले जीव जास्त जगतात आणि जास्त संतती देतात, पिढ्यानपिढ्या तो गुणधर्म वाढत जातो.

जिवाणूंचं वाक्य दुरुस्त करून पाहा: 'जिवाणूंच्या समूहातील काहींमध्ये उत्परिवर्तनामुळे प्रतिजैविकाला रोध करण्याची क्षमता असते. प्रतिजैविक दिल्यावर इतर जिवाणू मरतात, हे जगतात व त्यांची संख्या वाढते. त्यामुळे तेच प्रतिजैविक पुढे निष्प्रभ ठरते.' सवय कोणालाच झाली नाही. कोण उरलं ते बदललं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. प्रश्न लॅमार्कच्या सिद्धान्तावर असेल, तर इंद्रियांचा वापर-न वापर आणि संपादित गुणधर्मांचं संक्रमण हेच लिहायचं, पण 'लॅमार्कच्या मते' असं म्हणून. एखाद्याचं मत सांगणं वेगळं आणि ते आपलं विधान म्हणून लिहिणं वेगळं. हा फरक उत्तरात दिसला की तपासणाऱ्याला कळतं, मुलाला विषय समजलाय.

पायरी 5: जवळचे शब्द एकमेकांच्या जागी नकोत

श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं. श्वसनात पेशीत अन्नाचं ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मुक्त होते. वनस्पती श्वसन करतात, छाती फुगवत नाहीत. परागण म्हणजे परागकण कुक्षीवर पोहोचणं. फलन म्हणजे युग्मकांचं मीलन, ते नंतर, बीजांडात होतं. उत्सर्जन म्हणजे चयापचयातली टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकणं. न पचलेलं अन्न बाहेर टाकण्याला उत्सर्जन म्हणत नाहीत. अंडाशय फुलातही असतं आणि माणसातही, पण फुलातल्या अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बीज. ही जोडी उलटी लिहिलेली उत्तरं दरवर्षी दिसतात.

वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्या लिहीत जा. पुस्तकात शोधायची गरज नाही, स्वतःच्या तपासलेल्या चाचण्यांमधूनच त्या मिळतील.

'इत्यादी' आणि 'वगैरे' टाळा. तीन उदाहरणं मागितली आणि दोन लिहून 'इत्यादी' टाकलं तर तिसऱ्याचे गुण 'इत्यादी'ला मिळत नाहीत. तसंच 'निसर्गात विविध प्रकारचे सजीव आढळतात' असली सुरुवात. निबंधात ठीक, इथे ती शाई वाया घालवते.

पायरी 6: फरक समोरासमोर

'फरक स्पष्ट करा' साठी दोन रकाने आखतात सगळेच. चूक रकान्यांच्या आत असते. अलैंगिक आणि लैंगिक प्रजननाच्या फरकात डावीकडे 'एकच जनक लागतो' आणि उजवीकडे 'युग्मके तयार होतात' असं लिहिलेलं असतं. दोन्ही खरं, पण हा फरक नव्हे. डावीकडे जनकांची संख्या आहे, उजवीकडे युग्मकं.

उपाय सोपा आहे. डावीकडे बारीक तिसरा रकाना घ्या आणि त्यात निकष लिहा: जनकांची संख्या, युग्मकनिर्मिती, संततीतलं साम्य. मग प्रत्येक ओळ आपोआप समोरासमोर येते. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनात निकष असे चालतील: कोणत्या पेशींत, विभाजनानंतर पेशींची संख्या, गुणसूत्रांची संख्या, जनुकीय पुनःसंयोग होतो का. गुणसूत्रांच्या ओळीत शक्य तिथे आकडा घाला. मानवाची 46 गुणसूत्रं असलेली पेशी सूत्री विभाजनाने 46-46 गुणसूत्रांच्या 2 पेशी देते, अर्धगुणसूत्री विभाजनाने 23-23 गुणसूत्रांच्या 4. 'संख्या निम्मी होते' या वाक्यापेक्षा हे जास्त ठाम दिसतं.

आकड्यांबरोबर एकक आणि 'कशाचं प्रमाण' हे लिहायचं. नववीतल्या मेंडेलच्या संकरात नुसतं '3:1' अपुरं. '3 उंच : 1 बुटके, हे स्वरूपप्रमाण' असं हवं, आणि 1:2:1 लिहिलं तर ते जनुकप्रमाण. मेदांपासून प्रति ग्रॅम 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, नुसती '9' नाही.

पायरी 7: आकृती

मंडळाच्या भाषेत 'सुबक व नामनिर्देशित आकृती'. सुबक म्हणजे चित्रकलेचा नमुना नव्हे. टोकदार पेन्सिल, एकच ठळक रेषा (घासलेल्या दहा रेषा नकोत), छायांकन नको, नावं शक्यतो उजवीकडे एकाखाली एक, नावांच्या रेघा सरळ आणि एकमेकींना न छेदणाऱ्या, रेघेचं टोक नेमकं त्या भागावर टेकलेलं. खाली शीर्षक. एवढं तर बहुतेकांना माहीत असतं. गुण जातात ते आकृतीतल्या शास्त्रावर.

सूत्री विभाजनाच्या अवस्था काढताना गुणसूत्रं मोजा. पूर्वावस्थेत 4 काढली असतील तर मध्यावस्थेत विषुववृत्तीय प्रतलावर 4 च हवीत, प्रत्येक दोन अर्धगुणसूत्रांची. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगून दोन्ही ध्रुवांकडे 4-4 जातात. अंत्यावस्थेत दोन केंद्रकांत 4-4. मुलं पूर्वावस्थेत 6 काढतात, मध्यावस्थेत जागा पुरत नाही म्हणून 3, आणि पश्चावस्थेत एकीकडे 4, दुसरीकडे 5. अशी आकृती कितीही देखणी असली तरी विभाजन म्हणजे काय हेच कळलं नाही असं सांगते.

फुलातल्या फलनाच्या आकृतीत परागनलिका अंडाशयाच्या भिंतीपाशी थांबलेली दिसते. ती बीजांडात, भ्रूणकोशापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर द्विफलन होणार कुठे? स्त्री प्रजनन संस्थेच्या आकृतीत अंडनलिकेचं नरसाळ्यासारखं टोक अंडाशयाला चिकटवून टाकतात. ते अंडाशयाच्या जवळ, मोकळं असतं.

आकृती मागितलेली नसतानाही काढावी का? साखळी किंवा रचना समजावायची असेल तर जरूर. पण ती लिहिलेल्या मजकुराच्या जागी येऊ द्या, भर म्हणून नको. जे आकृतीत आलं ते पुन्हा परिच्छेदात लिहिण्यात अर्थ नाही.

पायरी 8: 'तुमचे मत लिहा'

सामाजिक आरोग्य, पर्यावरणीय व्यवस्थापन या धड्यांवर असे प्रश्न येतात आणि मुलांना ते फुकटचे गुण वाटतात. मग उत्तर भाषणासारखं होतं: 'आपण सर्वांनी मिळून पर्यावरण वाचवले पाहिजे.' यात विज्ञान काहीच नाही. मत एका वाक्यात सांगा, त्याच्यामागचं शास्त्रीय कारण दोन वाक्यांत, आणि एक ठोस दाखला. देवराईचं संवर्धन का करावं, तर तिथे तोड न झाल्याने स्थानिक जाती टिकून राहतात, झऱ्यांना पाणी राहतं, पक्षी-कीटकांना अधिवास मिळतो. दाखला म्हणून कायदा द्यायचा तर वर्षासकट द्या: वन्यजीव संरक्षण कायदा 1972, वन संरक्षण कायदा 1980, पर्यावरण संरक्षण कायदा 1986.

सराव कसा करायचा

वाचून झालं की पुस्तक मिटा. एक तीन गुणांचा प्रश्न निवडा, घड्याळ लावा, नऊ मिनिटांत उत्तर लिहा. (120 मिनिटांत 40 गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं.) मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनने स्वतःच तपासा. मुद्द्यामुद्द्यावर बरोबरची खूण करा, गुण लिहा, आणि जिथे कडी गाळली आहे तिथे बाण काढून ती समासात लिहा. संपूर्ण उत्तर पुन्हा लिहू नका, कंटाळा येतो आणि हात नुसता उतरवत राहतो. आठवड्याने तोच प्रश्न परत घ्या. समासातली ओळ आता उत्तरात आली का, एवढंच पाहा.

गाइडमधली तयार उत्तरं तपासायला वापरा, सुरुवात करायला नको. तयार उत्तर आधी वाचलं की आपल्यालाही ते येतंय असं वाटू लागतं, आणि कोऱ्या कागदापुढे बसल्यावर खरी परिस्थिती कळते.

शक्य असेल तर मित्रमैत्रिणीशी वह्या बदला. दुसऱ्याच्या उत्तरातली सुटलेली कडी फार चटकन दिसते, कारण त्याच्या डोक्यातलं आपल्याला माहीत नसतं. पालकांनी तपासायचं असेल तर विषय यायलाच हवा असं नाही. उत्तर मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक 'म्हणून' पाशी 'म्हणजे कसं?' विचारा.

परीक्षेच्या दोन तासांत

पहिला प्रश्न 15 ते 18 मिनिटांत संपवा. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाच्या अक्षरासह उत्तर लिहा, आणि लिहिण्याआधी ठरवा: पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं, खाडाखोड करून दुसरा पर्याय लिहिण्यात हशील नाही. दुसऱ्याला अर्धा तास. तिसऱ्याला 45 मिनिटं. आठपैकी पाच कोणते ते लिहायला घेण्याआधीच खुणा करून ठरवा, आणि निवडताना 'सोपा वाटतो' याऐवजी 'तीन मुद्दे आत्ता आठवतात का' हे विचारा. चौथ्याला 15 मिनिटं. त्यात उपप्रश्न असतील तर प्रत्येकाला त्याचा क्रमांक देऊन वेगळं उत्तर लिहा, सलग परिच्छेदात मिसळू नका. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर.

शेवटी बारा-पंधरा मिनिटं उरतात. सगळा पेपर वाचून काढायला ती पुरत नाहीत. फक्त तीन ठिकाणं पाहा: आकृत्यांना नावं आणि शीर्षक आहे का, आकड्यांना एकक आहे का, आणि शास्त्रीय कारणांमध्ये 'म्हणून'च्या आधी पूर्ण कारण लिहिलंय का. गाळलेली ओळ सापडली तर खाली किंवा समासाजवळ जागा करून लिहा, आणि ती कुठे वाचायची ते बाणाने दाखवा.